तात्या, तुमचा बोर्ड अजून माझ्याकडंच आहे

ती. स्व. तात्यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, पण उघडं लिहितेय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही बारीक अक्षर वाचत नाही, तेव्हा तुमचा भाचा वाचून दाखवेल. उघडं लिहायचं कारण वेगळं आहे. बँडच्या दर दौऱ्यावर कुणी ना कुणी मला विचारतं, गिटारी सांभाळायचं हे काम तू कुठं शिकलीस? मुंबईला की परदेशात? मी सांगते, कोल्हापुरात, गंगावेशीजवळच्या एका बोळात, लाउडस्पीकर दुरुस्तीच्या दुकानात. विचारणाऱ्याला ते खरं वाटत नाही आणि स्टेजमागं उभ्या उभ्या मला नीट सांगताही येत नाही. तुमचं नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंय, ते पाळते.

आधी गेल्या डिसेंबरातलं सांगते, ते तुमच्या कानावर आलेलं नसणार.

एका कॉलेजचा महोत्सव होता, मोकळ्या मैदानात, सगळी वीज जनरेटरवर. संध्याकाळी सामान लावून झालं. सहा गिटारी स्टँडला, दोन अँप (अँप्लिफायर), पेडलबोर्ड (गिटारचा आवाज बदलायची पायानं दाबायची बटनं), मागं माझी हत्यारांची पेटी. दादा, म्हणजे आमचा गाणारा गिटारिस्ट, माईकपाशी जायच्या आधी मी जाते, हा तुमचा नियम मी आजवर एकदाही मोडलेला नाही. मीटरची एक पिन गिटारच्या तारेला लावली, दुसरी माईकच्या जाळीला. मीटरवर आले 212 व्होल्ट.

साउंडवाला म्हणाला, डिजिटल मीटर असं खोटंच दाखवतं. त्याचं सगळंच चुकीचं नव्हतं. असा मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळं कुठली तरी किरकोळ गळतीसुद्धा त्याच्यावर मोठी दिसते. म्हणून तर तुम्ही मला झिरोचा बल्ब दिला होता, होल्डर आणि दोन तारांसकट. गळती किरकोळ असेल तर बल्ब पेटत नाही. मी तो जोडला आणि तो असा लख्ख पेटला की साउंडवाला दोन पावलं मागं सरला.

मिक्सरचा एक्स्टेन्शन बोर्ड उघडून बघितला. अर्थिंग नव्हतं म्हणून कुणीतरी आतल्या आत अर्थिंगच्या पिनेला न्यूट्रल जोडून ठेवलेला. त्यात जनरेटरकडून येणाऱ्या वायरीत फेज आणि न्यूट्रल उलटे झालेले. म्हणजे फेज सरळ मिक्सरच्या बॉडीवर आणि तिथून केबलच्या जाळीतून माईकवर. गिटारच्या तारा घुरघुर कमी व्हावी म्हणून ब्रिजमधून, म्हणजे तारांच्या खालच्या टेकूतून, अर्थिंगलाच जोडलेल्या असतात. दादा दोन्ही हातांनी अर्थिंग धरून उभा राहणार होता आणि ओठ फेजला लावणार होता.

संयोजक अंगावर धावून आले. समोर पोरं ओरडत होती. मी एवढंच म्हटलं की हा बोर्ड बदलल्याशिवाय आमचा माणूस स्टेजवर चढणार नाही. चाळीस मिनिटं गेली, शिव्या खाल्ल्या, पण पाय हलले नाहीत. नवा बोर्ड आला, परत मोजलं, बल्ब पेटला नाही. तेव्हा मी मान हलवली आणि दादा वर गेला.

कार्यक्रम झाल्यावर बसमध्ये सगळे झोपले. मला झोप लागली नाही. 3 मे 1972 ला वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे स्टेजवरच गेला, नीट अर्थिंग नसलेल्या माईकला हात लावून. हे मी नंतर कधीतरी वाचलेलं. तुम्ही ते नाव ऐकलेलं नाही. तुम्ही गणपतीच्या मांडवात माईकला चिकटलेला माणूस लाकडी बाकड्यानं ढकलून सोडवलाय. मला सांगताना तुमचा आवाज बदलला होता, तो त्या रात्री आठवत राहिला. दादाच्या घरी दोन लहान मुली आहेत. तात्या, या पत्रातला पहिला नमस्कार त्या दोघींच्या वतीनं.

आता मागचं.

ऑगस्ट 2019. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली, मग 43 फुटांची धोका पातळी, आणि पाणी 55 फुटांच्या वर जाऊन थांबलं. आमची प्रॅक्टिसची खोली तळमजल्यावर, दुधाळीच्या बाजूला. गिटारी आम्ही खांद्यावरून काढल्या, पण दादाचा मार्शल कंपनीचा 50 वॅटचा अँप आत राहिला आणि चार दिवस पाण्याखाली गेला. पाणी उतरल्यावर चिखलासकट टेम्पोत घालून मी तो घेऊन फिरले. दोन ठिकाणी सांगितलं, भंगारात घाला. तिसरं दुकान तुमचं. तुमच्याही दुकानात गुडघाभर पाणी येऊन गेलेलं, तुम्ही बाहेर खुर्ची टाकून स्पीकरचे मॅग्नेट पुसत बसला होता.

तुम्ही अँपकडं बघितलंच नाही. मला विचारलं, "प्लगला लावलीस का कुठं?"

"न्हाई."

"मग वाचला."

दुसरं कुणी असतं तर अँप ठेवून घेऊन पोरीला घरी पाठवलं असतं. तुम्ही स्टूल पुढं सरकवलं. चेसिस बाहेर काढली तेव्हा आत नदीचा गाळ वाळून पापुद्रे धरलेला. आधी साध्या पाण्यानं धुतला, ते बघून माझ्या पोटात गोळा आला. "चिखलापरास पाणी बरं," तुम्ही म्हणाला. मग ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. ट्रान्सफॉर्मर सुटे करून पत्र्याच्या डब्यात ठेवले, डब्यात 60 वॅटचा बल्ब, झाकणाला भोकं. आठ दिवस तो बल्ब जळत होता आणि मी रोज क्लास सुटल्यावर येऊन बघायची. "लावू या का?" "न्हाई." नवव्या दिवशी मेगर लावून वाइंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन मोजलं आणि पहिल्यांदा तुमच्या तोंडावर हसू दिसलं. मोठे फिल्टर कपॅसिटर सगळे नवे, व्हॉल्यूमचे पॉट नवे. व्हॉल्व्ह (आवाज मोठा करणाऱ्या काचेच्या नळ्या) मात्र तेच, दोन ईएल 34 आणि तीन ईसीसी 83. काचेच्या आत पोकळी असते, तिथं पुराचं पाणी शिरूच शकत नाही. शहरभर माणसं काय वाचलं आणि काय गेलं याच्या याद्या करत होती. त्या दिवसांत ती पाच काचेची नळकांडी पुसून ओळीनं ठेवताना मला जो धीर आला तो मी विसरणार नाही.

आणि मग तुमचा बोर्ड. लाकडी फळी, काळा बेकेलाइटचा होल्डर, त्यात 100 वॅटचा बल्ब, शेजारी सॉकेट. दुरुस्त झालेली वस्तू थेट मेनला लावायची नाही, बल्बच्या सिरीजमध्ये लावायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सगळा भार अंगावर घेतो, वस्तू जळत नाही. व्हॉल्व्ह काढलेला अँप तुम्ही सॉकेटला लावला आणि बटन माझ्या हातात दिलं. बल्ब झपकन उजळला आणि लगेच मिणमिणता झाला. म्हणजे शॉर्ट नाही. मग व्हॉल्व्ह बसवले, स्पीकर जोडला. व्हॉल्व्हचा अँप स्पीकरशिवाय कधी चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, हेही त्याच वेळी कळलं. बटन दाबलं आणि मी बघत राहिले. काचेच्या तळाशी नारिंगी ठिणगी धरली, हळूहळू वर आली. "काय बघालीस? वाजीव की," तुम्ही म्हणाला.

पैसे विचारले तर सामानाचेच घेतले. मजुरीचं काय, विचारलं तर उद्या ये म्हणाला. मी तीन वर्षं येत राहिले.

त्या तीन वर्षांतलं सगळं लिहायला बसले तर वही भरेल. पण एक जॅक मी तुमच्यासमोर बावीस वेळा सोल्डर केला ते लिहिलंच पाहिजे. तुम्ही दर वेळी तार ओढायचा, ती निघायची, आणि काही न बोलता जॅक परत माझ्यापुढं यायचा. मी सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळवून तारेवर पुसत होते. तेविसाव्या वेळी तुम्ही माझ्या मनगटाला धरलंत आणि आयर्नचं टोक तार आणि टर्मिनल दोन्हीला टेकवून ठेवलंत, "तापू दे, तापू दे," आणि मग सोल्डर टोकाला न लावता कडेनं तारेला टेकवलंत. ते आपोआप आत ओढलं गेलं, राळेचा धूर वर आला, आणि थंड होईस्तोवर तुम्ही माझा हात हलू दिला नाही. टाका चकचकीत आणि सपाट बसला. आज दौऱ्यावरच्या एकोणीस केबल माझ्या हातच्या आहेत आणि स्टेजवर खरखर आली तर सगळ्यात शेवटी मी केबलकडं बघते.

उघड्या अँपमध्ये मोजताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे करंट एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जात नाही. माझ्या कुडत्याला खिसा नव्हता. तुम्ही म्हणाला, पाठीमागं धर, आणि ओढणी काढून खुंटीला लाव, वेणी आत घाल. मुलगी म्हणून दुकानात कुणी काही बोललं तर तुम्ही फक्त मान वर करून बघायचा. तेवढ्यानं भागायचं. मी जाताना "येतो तात्या" म्हणायची. आपल्याकडच्या पोरी तसंच बोलतात, पुण्यात पहिल्या दिवशी त्यावर सगळे हसले. मी अजून तसंच म्हणते.

गिटार ही तुमची वस्तू नव्हती. तरी दादाच्या गिटारची मान वाकली तेव्हा तुम्ही मला हाकललं नाही. मानेच्या आत पोलादी सळई असते, सहा तारा मिळून 45 किलोच्या आसपास ओढतात आणि सळई त्याला उलटा जोर देते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, थंडीत आवळतं, की तोल जातो. मानेवरच्या पहिल्या आणि शेवटच्या पट्टीवर (फ्रेटवर) तार दाबून सातव्या पट्टीपाशी फट बघायची, ती पाव मिलिमीटर असावी. मी डोळ्यानं अंदाज करत होते. तुम्ही उद्यमनगरात ओळखीच्या मेकॅनिककडं घेऊन गेलात आणि त्याच्याकडचं टॅपेट सेट करायचं फिलर गेज मला मागून दिलंत. "दहा थाऊची पत्ती घाल," तो म्हणाला, म्हणजे पाव मिलिमीटरचीच. तीच पत्ती आज माझ्या पेटीत आहे. शिलाँगला उतरलो की पहिलं काम तेच, पेटी उघडून गिटारींना तासभर तशाच राहू द्यायचं, मग पत्ती घालून बघायचं, लागलं तर सळई पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी नाही.

आणि मिरज. तार ओढून सोडली की 'टिक' वाजायचं आणि सूर उतरायचा. नटाच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या टेकूच्या, खाचेत तार अडकत होती. तुम्ही एसटीनं मला मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत नेलंत, तुमच्या जुन्या दोस्ताकडं. त्यांनी इलेक्ट्रिक गिटार मांडीवर आडवी घेतली, कान लावला, आणि खाच खुंटीकडं उतरती घासून दिली. म्हणाले, सतारीला जवारी काढताना आम्ही झंकार आणतो, तुमच्या वाद्याला तो घालवायचा. वर पेन्सिलीचं शिसं चोळलं. एवढंच. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाल्याचं वाचलं तेव्हा मला त्या मांडीवरची काळी गिटार आठवली.

चुकाही तुम्ही पोटात घातल्या. कीबोर्डचा अडाप्टर दादाच्या पेडलला लावून मी तो जाळला. गिटारच्या बहुतेक पेडलना 9 व्होल्ट लागतात आणि पिनेच्या आत मायनस असतो, त्या अडाप्टरला आत प्लस होता. मी रडत आले. तुम्ही उघडून बघितलं, एक डायोड गेलेला, बाकी सगळं शाबूत. पाच मिनिटांत नवा घातला आणि मला चहा पाजला. दादाला काय सांगायचं, विचारलं तर म्हणाला, "जे झालं ते." सांगितलं. तो म्हणाला, तूच बघ इथून पुढं सगळं. तिथून माझी नोकरी सुरू झाली.

कोल्हापुरातल्या कार्यक्रमाला तुम्ही आला होता ते आठवतं. सगळे पुढं नाचत होते, तुम्ही मागं अँपच्या शेजारी उभे. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत तुम्ही अँपकडं कान नेलात. मग माझ्याकडं बघून तळहात आडवा फिरवलात, घुरघुर नाही. त्या रात्री अनेकांनी येऊन चांगलं म्हटलं. मला तो हात पुरला होता.

दुकानाचं शटर तुम्ही ओढलंत त्या दिवशी मी पुण्यात होते, त्याची खंत आहे. तुम्ही बोर्ड माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता, जुन्या चादरीत गुंडाळून. तो दर दौऱ्यावर माझ्याबरोबर असतो. 100 वॅटचे पिवळे बल्ब आता सहज मिळत नाहीत, एलईडीनं हे काम होत नाही, म्हणून महाद्वार रोडला एका जुन्या दुकानात होते तेवढे अकरा उचलून आणलेत.

पुढच्या महिन्यात मी चार दिवस घरी आहे. बोर्डाची मेन वायर कडक झाली होती, ती बदललीय, टाके नवे घातलेत. घेऊन येते. डोळ्यांनी दिसलं नाही तरी चालेल, तार ओढून बघा.

येतो, तात्या.

तुमची,
मार्शलवाली