सातबाऱ्यावर तुझं नाव राहील

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलणं जमत नाही. तू दोन वाक्यांत कायद्याच्या कलमांवर येतेस, मला मध्येच रडू फुटतं आणि विषय तिथेच राहतो. म्हणून लिहिते आहे. आधी कामाचं सांगते. नानांच्या जमिनीतला हिस्सा सोडायच्या हक्कसोडपत्रावर तू सही करायची नाहीस. मीही करणार नाही. तुझ्या भावाला, बापूला, मी हे तोंडावर सांगितलंय. तो रागाने मळ्यातच जाऊन राहिला. सुनबाईने डबा पाठवला तोही परत आला. मग आपणहून आला घरी, आणि जेवला.

आता बाकीचं. तुझ्या वडिलांच्या, नानांच्या वर्षश्राद्धाला तू सगळ्यांसमोर मला म्हणालीस, "आई, तू सही देऊन माहेर विकत घेतलंस." घर पाहुण्यांनी भरलेलं होतं म्हणून गप्प बसले. उत्तर मात्र तेव्हापासून तयार आहे.

माझं लग्न 1988 चं. राज्याने 1994 साली मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हक्क दिला, पण 22 जून 1994 च्या आधी लग्न झालेल्या लेकींना त्यातून वगळलं. म्हणजे माझ्यासारख्या सगळ्याच. वडील गेल्यावर त्यांच्या हिश्श्यात वारस म्हणून जे यायचं तेवढंच माझं होतं, आणि तेही मी दहाव्याच्या आठवड्यात भावांच्या नावे सोडलं. कुणी हात धरून सही घेतली नाही. नाना नाशिकला दवाखान्यात होते तेव्हा तुझ्या मामाने दोन गाई विकून पैसे आणले आणि आजवर त्यांचा विषय काढलेला नाही. दर दिवाळीला मला न्यायला मुराळी आला, त्यात एक वर्ष चुकलं नाही. मला तो व्यवहार महाग पडला नाही, ताई. माझ्या सहीची कीव तू करू नकोस.

पण त्याच कागदावर तुझ्या मावशीचीही सही होती. तिचे यजमान गेल्यावर तिला पंधरा दिवस तरी माहेरी राहा म्हणायला कोण आलं? कुणी नाही. भाऊ तेच, कागद तोच. तेव्हा सही दिली की माहेर राहतं आणि नाही दिली की तुटतं, हा हिशेब ना तू मांड ना बापूने मांडावा. मी त्यालाही मावशीचंच उदाहरण दिलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, "ते वेगळं" एवढंच म्हणाला.

आप्पांना, तुझ्या आजोबांना, तू ढोंगी म्हणालीस. हे मात्र मला सोसलं नाही. शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला छातीवर लावून हा माणूस 1980 साली कांद्यासाठी मुंबई-आग्रा रस्त्यावर बसला होता. नोव्हेंबर 1986 ला चांदवडला बायांचं अधिवेशन झालं, मी आईबरोबर ट्रॉलीत बसून गेले होते, भाकरी बांधून. एवढ्या बाया एका जागी मी आयुष्यात पुन्हा पाहिल्या नाहीत. माझं लग्न इकडे ठरलं तेव्हा आप्पांनी मला बाकी काही विचारलं नाही, "चांदवडला होतीस का?" एवढंच विचारलं. पुढे संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, की जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावावर करा, तेव्हा आप्पांनी तुझ्या आजीचं नाव सातबाऱ्यावर चढवलं. भाऊबंद हसले होते. 1992 ला सरकारनेही तसा निर्णय काढला, त्याच्या आधीची ही गोष्ट.

मग असा माणूस नातीच्या नावाला का अडतो? मी ओट्यावर बसून सरळ विचारलं. म्हणाले, "तुझी सासू घरातच होती. तिच्या नावावर केलं तरी शिवार जागच्या जागी राहिलं. पोरीचं कुंकू दुसरीकडचं. उद्या तिच्या सासरच्याने रस्त्यालगतचा तुकडा दलालाला दिला तर बापूच्या द्राक्षबागेत कुंपण कोण घालणार?" तुला हे ऐकून चीड येईल. मलाही आली. आजीचं नाव तरी शेवटी कुठे राहिलं? ती गेली, फेरफार झाला, नाव कमी झालं, आणि नव्या उताऱ्याकडे कुणी दोनदा पाहिलंही नाही. पण आप्पांची भीती खोटी नाही. आपल्या रस्त्याला किती जणांच्या बागा अशा मोडल्या ते तू येता-जाता पाहतेसच. त्यांना नाव नको असं नाही. परक्याच्या हातात जमीन जायला नको. तुला नाव पाहिजे, आणि विकायची तर तुझी मुळीच इच्छा नाही, हे तूच मला शंभरदा सांगितलंस. मग तुम्ही दोघं भांडता कशासाठी, हे मला अजून उलगडलेलं नाही.

वकिलांकडे मी स्वतः जाऊन आले. ते म्हणाले, वारसांपैकी एकाने आपला हिस्सा विकायला काढला तर तो घेण्याचा पहिला हक्क बाकीच्या वारसांचा, हे वारसा कायद्याच्या कलम 22 मध्ये आधीपासूनच आहे. घरी येऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "सरकारने हे एक बरं केलं." ताई, त्यांच्या तोंडून याहून जास्त निघणार नाही. एवढ्यावर भागव.

आता बापूचं. सुप्रीम कोर्टाच्या 11 ऑगस्ट 2020 च्या निकालाची बातमी तू घरच्या ग्रुपवर टाकलीस, खाली "सगळ्यांनी वाचा" लिहिलंस आणि ग्रुप सोडलास. मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे हे कोर्टाने त्यात म्हटलं, बरोबर आहे, मी शेवटपर्यंत वाचलं. पण वारस नोंदीनंतर उताऱ्यावर आपली तिघांची नावं लागली आणि दर वर्षी सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करताना, म्हणजे जुनं फेडून नवं घेताना, तुझी संमती लागू लागली, हे त्या बातमीत नव्हतं. तू म्हणालीस, आधी वाटणी, मग सही. त्या वर्षी बापूने खताच्या दुकानात उधारी केली आणि व्यापाऱ्याकडून उचल घेतली. ऑक्टोबर छाटणी झाली, घड सुटले आणि फुलोऱ्यात पाऊस लागला. डावणी रोगासाठी दिवसाआड फवारणी. नंतर थंडी एवढी उतरली की रात्री बागेत शेकोट्या पेटवून तो आणि सुनबाई आळीपाळीने जागत होते. व्यापाऱ्याने उचल कापून हातावर काय टेकवलं ते सांगत नाही. तुझ्या लग्नात पंधरा तोळे घातले तोच तिचा वाटा झाला, असं तो म्हणतो ते चूक आहे, आणि मी त्याला तसं म्हणाले. ते सोनं तुमच्या फ्लॅटसाठी मोडलं, तेव्हा तू किती रडलीस ते मी पाहिलंय. पण तो रात्र रात्र जागला त्याचाही कुठेतरी हिशेब लागायला हवा. कोर्टात तो लागत नाही, आपणच लावायचा.

माझं म्हणणं असं. साडेचार एकर आहे, तिघांना दीड-दीड. कायद्यानेही तेवढंच येतं. बाग, मांडव, ठिबक यांना त्याचा पैसा आणि हाडं लागलीत, तो भाग बापूच्या हिश्श्याला. तुझ्याकडे ओढ्याच्या बाजूचं कांद्याचं रान. माझं मधलं. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या वाटणीच्या कागदात वार घालून लिहायच्या आणि उताऱ्यावर इतर हक्कांत तिघांची नोंद करून घ्यायची, नाहीतर तुझं रान कोरडं राहील आणि पुढच्या पिढीला भांडायला नवं कारण मिळेल. तुझं रान बापूने निम्म्याने करावं. बियाणं-खतही निम्मं-निम्मं. हे सगळं संमतीने ठरलं तर तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली अर्ज करता येतो, दिवाणी कोर्टाची पायरी चढायला नको. मी गेल्यावर माझ्या दीड एकराचं काय, ते आत्ता बोलायचं नाही. मी अजून आहे.

बापूला मी हे सांगितलं तेव्हा ओढ्याकडचं रान तुला द्यायला तो सहज तयार झाला, हे मला खटकलं. ते चिबड आहे, पावसाळ्यात पाणी धरतं. तू येऊन डोळ्यांनी बघ आणि पसंत नसेल तर भांड. पण त्या रानावर उभी राहून भांड, मोबाईलवर नको.

जावईबापूंना आणायचं की नाही ते तू ठरव. वाटणीच्या बोलण्यात त्यांनी बसू नये असं मला वाटतं, तशी सुनबाईही बसणार नाही. आप्पा बसतील. त्यांचा हिस्सा यात नाही, तरी त्यांना बसू दे. ते मध्येच जुनं काहीतरी काढतील, "तुम्हा शिकलेल्यांना" वगैरे म्हणतील. ऐकून घे. आणि त्यांच्या पाया पडायचं की नाही यावर पुन्हा वाद नको, तुला वाटलं तर पड.

ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की बापूला श्वास घ्यायला वेळ नसतो, त्याआधी ये. आधारकार्ड, पॅनकार्ड आणि दोन फोटो आण. छोटीला आण, तिच्या शाळेचं कारण सांगू नकोस. बापूला फोन तू कर, मी मध्ये पडणार नाही. सकाळी सहाच्या आत लाव, नंतर तो ट्रॅक्टर घेऊन फवारणीला जातो आणि त्या आवाजात त्याला रिंग ऐकू येत नाही.

तुझी,
आई