काच गुंडाळून द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या २० डिसेंबरला संत गाडगेबाबांच्या पुण्यतिथीच्या एका कार्यक्रमाला गेले होते. दहाचा कार्यक्रम पावणेअकराला सुरू झाला. प्रमुख पाहुणे यायचे होते, मुलं तोवर उन्हात रांगा धरून बसलेली. मग पाहुण्यांच्या हातात कोरा खराटा दिला, आधीच झाडलेल्या अंगणावर तो दोनदा फिरला, फोटो निघाले. ज्या मावशींनी सकाळी सातला ते अंगण झाडलं होतं, त्या तेव्हा मागे चहा गाळत होत्या. भाषणात 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द पाच वेळा आला. (मोजल्याशिवाय राहवत नाही, मास्तरकीची खोड.)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं आमच्या व्हरांड्यात रंगवलेली होती. श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता वगैरे. परिपाठाला मुलं ती एका दमात म्हणत. एकदा चौथीतल्या एका पोराने विचारलं, "बाई, संवेदनशीलता म्हणजे काय करायचं?" मी त्याला अर्थ सांगितला. त्याने अर्थ विचारलाच नव्हता, हे माझ्या लक्षात यायला निवृत्ती उजाडली.

आमच्या गल्लीत घंटागाडीवर एक ताई येतात. मध्यंतरी त्यांच्या तळहाताला फडकं बांधलेलं दिसलं. कुणाच्या तरी पिशवीतली फुटकी काच लागली होती. कुणाच्या घरची, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "कसं सांगू? समद्या पिशव्या सारख्याच." मी पुढे काही बोलले नाही. त्याच आठवड्यात माझ्या हातून लोणच्याची बरणी फुटली होती आणि तिचे तुकडे मी खरकट्याच्या पिशवीत बांधून दिले होते. ती काच माझी असेल किंवा नसेलही. 'नसेल' म्हणायला मन मात्र धजत नाही.

तेव्हापासून घरात काही फुटलं की वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळते, चिकटपट्टी लावते, वर ठळक अक्षरात 'काच' लिहिते आणि पिशवीत न घालता हातात देते. (आपल्या अंकाचा असाही उपयोग होतो, राग नसावा.) यजमानांच्या इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवते, झाकण घट्ट लावून वेगळी देते. सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून द्यावेत, हे तर घनकचरा नियमांत २०१६ पासूनच लिहिलेलं आहे. तरी सोसायट्यांच्या डब्यांत ते उघडेच पडलेले असतात, आणि ते उचलणाऱ्या बाईला आपण 'कचरेवाली' म्हणतो. कचरा आपला, नाव मात्र तिला!

या सगळ्याला दोन मिनिटं लागतात. कुणी पाहत नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही. म्हणूनच बहुधा राहून जातं. रस्त्यावर सापडलेलं पाकीट परत दिलं तर पेपरात नाव येतं, आणि ते यावंही. पण पाकीट आयुष्यात एखाद्या वेळी सापडतं, कचरा रोज निघतो.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेऊन गाव झाडायला लागत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. आमच्या कार्यक्रमात पाहुणे आले, बोलले आणि गेले. त्यानंतर अंगणात कागदी कप पडले होते, ते त्याच मावशींनी वेचले. मीही त्या वेळी खुर्चीतच बसून होते, हेही लिहायला हवं.

२३ फेब्रुवारीला बाबांची जयंती असते. शाळांना माझी एक विनंती आहे. त्या दिवशी पाहुणे बोलवायचेच असतील, तर आपल्या भागातल्या घंटागाडीवरच्या ताई-दादांना बोलवा. रोज हाताला काय काय लागतं, ते त्यांनी मुलांना सांगावं. आणि कार्यक्रमाची वेळ त्यांची फेरी संपल्यावरची ठेवा, म्हणजे त्यांचा खाडा होणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा