लक्षणांची यादी छापताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील ‘या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नका’ अशा मथळ्याचे लेख मी गेली अनेक वर्षे न चुकता वाचत आलो आहे आणि त्यांतील एकाही लक्षणाकडे मी आजवर दुर्लक्ष केलेले नाही. माझी तक्रार म्हणा किंवा विनंती म्हणा, ती तिथूनच सुरू होते.

काही वर्षांपूर्वी दाढी करताना जबड्याखाली डाव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितले की ही लसिकाग्रंथी आहे, सर्दी-घसा झाल्यानंतर अशा ग्रंथी काही काळ हाताला लागतात, ही मऊ आहे, सरकते आहे, काळजीचे कारण नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत मी हलका झालो होतो. रात्री मात्र मनात आले की त्यांनी उजवी बाजू जितकी नीट पाहिली तितकी डावी पाहिली का? तेव्हापासून बोटे मानेवरून हटेनात. अंथरुणात, लिफ्टच्या आरशासमोर, बैठकीत टेबलावर कोपर टेकून मी ती गाठ चाचपत राहिलो. आठवडाभरात जागा दुखू लागली, किंचित सुजली, आणि गाठ वाढल्याचा हा माझ्याच बोटांनी तयार केलेला पुरावा घेऊन मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘दिवसातून किती वेळा दाबून पाहता?’ मी म्हणालो, दहा वेळा. सोबत आलेली पत्नी म्हणाली, शंभर. तिचा आकडा खऱ्याच्या जवळचा होता.

अशा माणसाला घरात शंकेखोर म्हणतात आणि घरच्यांचा वैताग मी समजू शकतो. पण हे सोंग नव्हे. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदानपुस्तिकेतून ‘हायपोकॉन्ड्रिअॅसिस’ हे हिणवण्यासाठी वापरून वापरून झिजलेले नाव काढून टाकले आणि त्याच्या जागी जी निदाने आणली त्यांत आजाराच्या चिंतेचा विकार हे एक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात जुने नाव राहिले आहे, मात्र हा विकार तिथे मंत्रचळाच्या कुळात बसवलेला आहे, आणि स्वानुभवावरून मला ते अधिक पटते. मंत्रचळ लागलेला माणूस दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासतो, मी गाठ तपासत होतो. खात्री दोघांनाही हवी असते आणि दोघांचीही खात्री चार पावले जाईपर्यंतच टिकते. ‘तुम्हाला काहीही झालेले नाही’ हे वाक्य पत्नीने रोज म्हणायचे आणि ते ऐकून मला तासभर बरे वाटायचे, असे जवळजवळ वर्षभर चालले. त्या तासाभराच्या सुटकेची चटक लागते म्हणूनच दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावेसे वाटते, हे मला फार उशिरा कळले.

तपासण्यांचेही तेच. प्रयोगशाळेच्या अहवालात छापलेली ‘सामान्य मर्यादा’ बहुतेक वेळा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के लोक तीत बसतील अशा बेताने ठरवलेली असते. त्यामुळे धडधाकट माणसाने एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकदम करून घेतल्या, तर त्यांतला किमान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के निघते. मी हौसेने सगळ्या शरीराची तपासणी करून घेतली तेव्हा दोन आकडे जाड ठशात आले होते. त्या दोन आकड्यांनी माझे तीन महिने खाल्ले. शिवाय भीतीची स्वतःची लक्षणे असतात. छाती धडधडते, भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते. ज्याला हे ठाऊक नाही तो त्यांनाच नवा आजार समजतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते असे.

मला उपयोग झाला तो सीबीटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, विचार आणि वागणे या दोन्हींवर काम करणाऱ्या उपचाराचा. काहींना जोडीला औषधेही लागतात. गाठीला हात लावणे दिवसातून दोनदा, मग एकदा, मग फक्त रविवारी, असे कमी करत आणले. इंटरनेटवर लक्षणे शोधणे बंद केले. मी विचारले तरी पत्नीने धीर द्यायचा नाही, ‘हा तोच प्रश्न आहे’ एवढेच म्हणायचे असे ठरले, आणि पहिले पंधरा दिवस मी तिच्यावर इतका चिडलो की आज ते आठवून ओशाळायला होते. सर्वांत अवघड गृहपाठ म्हणजे आपली गाठ कर्करोगाची निघाली अशी सविस्तर हकिकत स्वतःच्या हाताने लिहून ती रोज मोठ्याने वाचणे. सुरुवातीला आवाज कापत असे; तिसऱ्या आठवड्यात वाचता वाचता चक्क जांभई आली. समुपदेशक बाई एकदा म्हणाल्या, ‘तुम्हाला डॉक्टरांकडून निदान नको आहे, आपण मरणार नाही अशी लेखी हमी हवी आहे, आणि ती डॉक्टरांना स्वतःलाही कुणी दिलेली नाही.’ मृत्यूची भीती गेली असे मी म्हणणार नाही. ती आली की तिला बसू देतो, एवढे जमू लागले आहे.

आता विनंती. लक्षणे जरूर छापा. छातीत दाब येऊन हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, अचानक तोंड वाकडे होणे किंवा हातातली ताकद जाणे, अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे हे तर ठळक अक्षरांत छापा. मात्र बाकीच्या लक्षणांपुढे त्यांची साधी, नेहमीची कारणे कोणती आणि किती दिवस टिकल्यास डॉक्टरांना दाखवावे, हेही लिहा. आणि धोका सांगताना नुसते ‘पट’ सांगू नका. आमच्याच विकाराचे उदाहरण देतो. स्वीडनमधील नोंदींवर आधारलेला आणि २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की हायपोकॉन्ड्रिअॅसिसचे निदान झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. याचा मथळा मला लगेच दिसतो आणि त्यापायी जाणारी झोपही दिसते. आकडे मात्र दर हजारी वर्षाला साडेआठ आणि साडेपाच असे आहेत. त्याच अभ्यासात आत्महत्येचा धोका सुमारे चौपट आढळला. ते मरण टाळता येण्याजोगे आहे, म्हणूनच अशा माणसाची चेष्टा न करता त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायला हवे. डॉक्टरांनी तपासून निर्वाळा दिल्यावरही ज्याचे मन ठिकाणावर येत नाही, त्याच्यासाठी ‘ही बेचैनीदेखील एक लक्षण आहे आणि तिच्यावर उपचार आहेत’ अशी एक ओळ त्या यादीखाली छापली, तर तेवढ्यासाठी जागा नक्कीच निघेल.

हे पत्र लिहिताना हात एकदा मानेकडे गेला होता. रविवार नव्हता, म्हणून परत घेतला.

आपला नम्र,
एक नियमित वाचक