त्रेंतोहून पत्र : तारेला टांगलेला ठोकळा

त्रेंतो, इटली

तीर्थरूप आबांना शिरसाष्टांग नमस्कार.

औंढा नागनाथला उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाचं, म्हणजे गुरुत्वीय लहरी (अवकाशालाच ताणणारे तरंग) टिपणाऱ्या यंत्राचं, वाचून तुम्ही विचारलंत, अवकाशात तरंगणारा ठोकळा जमिनीवर तपासायचा कसा? अगदी मुद्द्याचं विचारलंत.

‘लिसा’ ही अवकाशात मोकळे तरंगणारे ठोकळे ठेवून त्याच लहरी टिपायची येऊ घातलेली मोहीम. तिच्यातला ठोकळा सोनं-प्लॅटिनमचा, बाजू 46 मिलिमीटर, वजन सुमारे 2 किलो. पेटीत तो कशालाही न टेकता राहतो. भोवती 3-4 मिलिमीटरची फट, आणि भिंतींवरचे इलेक्ट्रोड (विजेच्या पट्ट्या) तो किती सरकला ते मोजतात. एका जिवाणूच्या वजनाइतका परका जोरही त्याला नको. जमिनीवर मात्र पृथ्वी त्याला 19 न्यूटननं खाली ओढते.

म्हणून उभी दिशा सोडून द्यायची आणि आडवा पीळ बघायचा. ठोकळा निर्वात टाकीत बारीक तारेला टांगतात; हाच आपला पिळाचा दोलक. तारेचा व्यास निम्मा केला की पिळाला होणारा विरोध सोळाव्या हिश्शावर येतो, भार पेलायची ताकद मात्र चौथाईच उरते. 25 मायक्रॉनची टंगस्टनची तार शंभरेक ग्रॅम पेलते, 2 किलो नाही. मग मापं तीच ठेवून ठोकळा पोकळ करायचा आणि वर सोन्याचा मुलामा द्यायचा. आपण शोधतो ते जोर पृष्ठभागावरच लागतात, त्यामुळे आतून पोकळ असला तरी चालतो. टंगस्टनची नवी तार भाराखाली दिवसेंदिवस आपोआप उलगडत राहते. ती भाराखालीच तापवून मुरवली नाही तर मोजमाप त्यातच वाहून जातं. क्वार्ट्झ काचेच्या तारेत ऊर्जा कमी वाया जाते, म्हणून उष्णतेची थरथरही कमी.

मधोमध टांगलेल्या ठोकळ्यावर सरळ रेटा आला तर तार पिळत नाही. त्यासाठी आडव्या दांड्यांच्या टोकांना चार ठोकळे लावतात, म्हणजे रेट्याचाच पीळ होतो.

मला सर्वांत आवडते ती उष्णतेची चाचणी. समोरासमोरच्या भिंती ठरावीक लयीत आळीपाळीनं किंचित तापवायच्या आणि त्याच लयीतला पीळ शोधायचा. उरलेसुरले वायूचे रेणू गरम बाजूकडून जास्त जोरानं आदळतात. टाकीतला दाब बदलून पुन्हा मोजायचं. दाबाबरोबर घटतो तो या रेणूंचा वाटा. दाब शून्याकडे नेला तरी राहतो तो भिंतीतून सुटणाऱ्या वायूचा आणि उष्ण प्रारणाचा. शिवाय अरुंद फटीत तेच रेणू पुन्हापुन्हा आपटतात, त्यामुळे थरथर मोकळ्या जागेपेक्षा जास्त भरते. हे इथल्या दोलकावर दिसलं होतं. 3 डिसेंबर 2015 ला उडालेल्या लिसा पाथफाइंडरमध्येही, म्हणजे ‘लिसा’आधीच्या चाचणी-यानातही, पेटीतला वायू बाहेर झिरपत गेला तसतसा गोंगाट उतरत गेला.

ठोकळ्यावर साचणाऱ्या विद्युतभाराचं सोपं आहे. इलेक्ट्रोडवर आवर्ती व्होल्टेज दिलं की भाराच्या प्रमाणात ठोकळा पिळतो. मग अतिनील प्रकाशानं इलेक्ट्रॉन हवे तिकडे हलवून तो भार उतरवायचा.

एवढं करूनही दोलक सांगतो ते इतकंच, की परका जोर याहून जास्त नाही. त्याखालचं अवकाशातच मोजावं लागतं. औंढ्याच्या यंत्राचंही तसंच: साधारण 10 हर्ट्झच्या (सेकंदाला दहा कंपनांच्या) खाली जमिनीची हालचाल त्याला ऐकू देणार नाही, आणि ‘लिसा’ला ऐकायचं आहे ते एका हर्ट्झच्याही खालचं.

आईला साष्टांग नमस्कार.

तुमचा
धाकटा