गप्पा मारायचा परवाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर 30 सप्टेंबरला किल्लारीच्या आठवणी छापून येतात. 1993 च्या त्या पहाटेबद्दल माझ्यापेक्षा जवळून पाहिलेल्यांनी लिहिले आहे, त्यात भर घालण्याची माझी ऐपत नाही. मला एक किरकोळ प्रसंग सांगायचा आहे. भूकंपानंतर काही दिवसांनी आम्ही काही शिक्षक धान्य आणि चादरी घेऊन त्या भागात गेलो होतो. एका तंबूत मोटारीच्या बॅटरीवर रेडिओसेट चालू होता, त्याची तार समोरच्या लिंबाला बांधलेली. सेटवर बसलेला माणूस हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. पदरचे पैसे खर्चून आलेला. दिवसभर तो निरोप देत होता: एवढे तंबू हवेत, एवढी औषधे हवीत, अमक्या गावचा अमका सुखरूप आहे, त्याच्या मुलाला कळवा.

रात्री निरोप संपले तरी हा माणूस सेटवरच. कुणाशी तरी हसून बोलत होता, तिकडे पाऊस झाला का वगैरे. माझे डोके फिरले. एवढी माणसे मातीखाली गेलेली आणि याला गप्पा सुचतात! तसे मी त्याला बोललोही. त्याने काही उत्तर दिले नाही, हेडफोन माझ्या हातात दिला. खरखरीतून पलीकडचा माणूस विचारत होता, "जेवलात का?"

पुढे काही वर्षांनी मी स्वतः परवाना काढला. तेव्हापासून पाहतो, हॅम रेडिओचे नाव निघाले की आपल्याकडे लगेच आपत्ती व्यवस्थापनावर भाषण सुरू होते. जणू पूर आणि भूकंप यांचीच वाट पाहत आम्ही बसलेलो असतो. 2004 च्या त्सुनामीत अंदमानातून निरोप पोहोचवणाऱ्या भारती प्रसाद यांचे कौतुक झाले, व्हायलाच हवे. पण त्या तिथे आधीपासून का होत्या, हे फारसे कुणी सांगत नाही. अंदमानातून हौशी रेडिओ चालवायची परवानगी बऱ्याच वर्षांनी मिळाली होती, आणि त्या बेटाशी एकदा तरी बोलता यावे म्हणून जगभरची मंडळी कान टवकारून बसली होती. म्हणजे त्या गेल्या होत्या हौसेने. 26 डिसेंबरला लाट आली, तेव्हा सेट, अँटेना आणि ऐकणारे कान तिथे तयारच होते.

तर ही हौस काय आहे ते सांगतो. माझ्या गच्चीवर साधारण 20 मीटर लांबीची तार आहे, एक टोक पाण्याच्या टाकीच्या खांबाला, दुसरे शेजाऱ्यांच्या लिंबाला. सेटची शक्ती जुन्या शंभराच्या बल्बाएवढी. जमिनीपासून काहीशे किलोमीटर वर आयनांचा, म्हणजे विजेचा भार असलेल्या कणांचा थर आहे, त्यावर आपटून लहरी खाली येतात. 40 मीटरच्या बँडवर, म्हणजे साधारण तेवढ्या लांबीच्या लहरींच्या पट्ट्यात, दिवसा कोल्हापूर, हैदराबाद असे शेपाचशे किलोमीटरचे शेजारी मिळतात. सूर्य मावळला की लहरी शोषून घेणारा खालचा थर विरतो आणि त्याच तारेवर परदेशातले आवाज येऊ लागतात. कोण येईल हे आधी कळत नाही. मजा आहे ती यातच. मोबाइलवर आपण ज्याला फोन लावतो तोच उचलतो. इथे "सीक्यू, सीक्यू", म्हणजे कुणी ऐकत असेल तर बोला, अशी हाळी द्यायची आणि वाट पाहायची. कधी तासभर कुणी नाही. कधी आर्वीजवळचा नाही तर एकदम रशियातला कुणीतरी.

सकाळी सातला आमची नेट, म्हणजे सेटवरची बैठक, भरते. मला ती काकड्यासारखी वाटते. एकजण पुढे होऊन हजेरी घेतो, बाकीचे पाळीपाळीने बोलतात, मध्ये कुणी तोंड घालत नाही. त्यात शेतकरी आहेत, डॉक्टर आहेत, टीव्ही दुरुस्तीवाले आहेत, वर्गात मागच्या बाकावर शोभेल असा एक कॉलेजकुमारही आहे. दोन दिवस एखादा आला नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या घरी फोन लावतो. विषय म्हणाल तर सोयाबीन, गुडघेदुखी आणि कुणाचा आवाज कसा पोहोचतोय. धंद्याचे बोलायला नियमात मनाई आहे. त्या एका नियमाने किती शांतता मिळते हे हल्लीच्या ग्रुपांमध्ये राहून आल्याशिवाय कळायचे नाही.

मराठवाड्यातल्या हॅमची एक गंमत बाहेरच्यांना पटत नाही. लाइट गेली की आम्हाला आनंद होतो. एलईडी बल्ब, चार्जर या सगळ्यांमुळे सेटवर होणारी खरखर एकदम थांबते, सेट बॅटरीवर चालूच असतो आणि एरवी दबलेले आवाज स्वच्छ ऐकू येतात. गावात लोडशेडिंगला शिव्या न देणारा मी बहुधा एकटाच. मे महिन्यात मात्र वळवाच्या ढगांनी छाती धडधडते. वीज कडाडू लागली की आधी तार सोडवायला गच्चीवर धावायचे, आणि खाली घरातून आपला उद्धार ऐकायचा.

मोर्स, म्हणजे आखूड-लांब आवाजांची तारेची लिपी, मला एका निवृत्त तारमास्तरांनी शिकवली. 2013 साली तारसेवा बंद झाली तेव्हा त्यांना वाटले, आपल्या कानांचे काम संपले. ते माझ्याकडे आले, सेट ऐकला आणि पहिल्या दिवशी त्यांना काहीच लागेना. त्यांच्या कानाला कट्ट-कडकट्टची सवय, इथे नुसती शीळ. आठवड्यात मात्र वहीत माझ्या दुप्पट वेगाने अक्षरे उतरू लागली.

महागड्या सेटची धास्ती बाळगू नये. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स नावाच्या सेटची रचना जगापुढे मोकळी ठेवली. त्यात कॉइल गुंडाळायला चक्क नळाचे वायसर वापरले होते. हार्डवेअरच्या दुकानात मी ते मागितले तेव्हा दुकानदाराने विचारले, "सर, कोणता नळ गळतोय?"

गेल्या वर्षी शाळेतल्या पोरांना घेऊन पोलादी मोजपट्टीचे तुकडे पीव्हीसी पाइपवर बसवले आणि अँटेना केला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे 400 किलोमीटरवरून जाते, 145.800 मेगाहर्ट्झवर त्याचा रेडिओ ऐकता येतो, आणि डोक्यावरून जायला दहा मिनिटेही लागत नाहीत. पहिल्या खेपेला आम्ही अँटेना उलट्या दिशेला धरून उभे होतो. दुसऱ्या खेपेला आवाज आला, आणि एक पोरगी तोंडावर हात ठेवून मटकन खालीच बसली.

परवान्याच्या परीक्षेला वयाची बारा वर्षे पूर्ण असली की बसता येते. केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग ही परीक्षा घेतो, त्यासाठी मला रात्रीची एसटी धरून जावे लागले होते. आमच्या भागात अभियांत्रिकी महाविद्यालये कमी नाहीत, आणि गच्चीवर तार दिसते अशी मला फार थोडी सापडली. प्राध्यापकांना विचारले की ते म्हणतात, आपत्तीत उपयोगी आहे हो, प्रस्ताव द्या. प्रस्तावाने कुणी सकाळी सातला उठून बसत नाही.

ज्यांना नुसते ऐकायचे आहे त्यांनी अंबाजोगाईत आमच्याकडे यावे. टाकीपासून लिंबापर्यंत तार दिसेल, तेच घर. चहा मिळेल. खाली मिक्सर चालू असेल तर तेवढा थांबेपर्यंत बसावे लागेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई