तिचा सूर चुकला तेव्हा

रत्नागिरी
रविवार रात्र

प्रिय चिऊ,

काल रात्री एसटीत बसल्यापासून हे मनात घोळतंय. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू ‘हो बाबा, हो बाबा’ म्हणून मोकळी होतेस आणि मीही ‘जेवलीस का?’ वर येऊन थांबतो. म्हणून लिहायला बसलो. सावकाश वाच. आईला दाखवलंस तरी चालेल, तिला मी सगळं सांगितलंय.

काल तुमच्या पियानो क्लासचा कार्यक्रम झाला. तुझं वाजवून झालं होतं आणि तू माझ्या शेजारी येऊन बसली होतीस. मग तुझी मैत्रीण वाजवायला बसली. संगीतकार शोपांचा तो छोटा वॉल्ट्झ, नाचाच्या तालावरची ती रचना, ज्यासाठी तू आणि ती गेले चार महिने झगडत होतात आणि बाईंनी शेवटी तिला दिला. पहिला भाग तिने सुंदर वाजवला. मधला संथ भागही. त्यानंतर ती लांबलचक ट्रिल येते, दोन शेजारचे सूर भराभर आलटून पालटून वाजवायचे, आणि त्यातून पुन्हा धावत सुरुवातीच्या चालीवर यायचं असतं. नेमकं तिथे तिच्या उजव्या हाताची करंगळी घसरली आणि भलतीच पट्टी दाबली गेली. सभागृहात निम्म्या लोकांना कळलंही नसेल. तुला कळलं. तुझा चेहरा उजळला.

मला ते दिसलं, कारण त्याच क्षणी मी तुझ्याकडे वळून बघितलं होतं. का बघितलं, ते सांगण्यासाठीच हे पत्र. मलाही बरं वाटलं होतं, चिऊ, आणि ते बरं वाटणं मला तुझ्याबरोबर वाटून घ्यायचं होतं. पन्नाशीला टेकलेला माणूस मी. एका चौदा वर्षांच्या मुलीचं बोट घसरलं म्हणून मला आनंद झाला, आणि ही तीच मुलगी जी आपल्या घरी येऊन आईच्या हातचे थालीपीठ खाते, मला ‘काका’ म्हणते. आपण दोघं क्षणभर एकमेकांकडे बघून हसलो. ती ते पुढचं पान कसं वाजवत होती, हे मला आत्ता आठवतच नाही. तुला आठवतंय का? खरं सांग.

एसटी आंबा घाटात होती तेव्हा मला शुहेई आठवला. मे महिन्याच्या सुट्टीत आपण दोघांनी ‘पियानो नो मोरी’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचे चोवीसच्या चोवीस भाग बघितले, त्यातला शुहेई. तू सारखी काईबद्दल बोलायचीस. साहजिक आहे. वेश्यावस्तीत वाढलेला पोरगा, रानात कुणीतरी टाकून दिलेला पियानो, आणि इतर मुलांच्या हातून न वाजणारा तो पियानो याच्या हातून वाजतो. असा मुलगा कुणालाही आवडेल. शुहेई मात्र तुला ‘बोअर’ वाटायचा. नामवंत पियानोवादकाचा मुलगा, रोज तासन्‌तास रियाज, कपडे नीटनेटके, वाजवणं बिनचूक. मी तेव्हा काही बोललो नाही, पण मला पहिल्यापासून शुहेईच जवळचा वाटत होता. आपल्यासारख्यांच्या घरात काई जन्माला येत नाही गं, शुहेईच येतो. आईबाप क्लास लावतात, फी भरतात, ने-आण करतात, आणि मूल त्या सगळ्याचं ओझं मुकाट्याने उचलतं.

तो प्रसंग आठव. काई त्याला रानात घेऊन जातो, पियानो वाजवून दाखवतो. मग शुहेई बसतो, पट्ट्या दाबतो, आणि आवाजच येत नाही. तू तेव्हा म्हणालीस, ‘बिच्चारा.’ मला तिथे वेगळंच दिसलं होतं. तोवर शुहेई त्या रानात आनंदाने गेला होता. नव्या शाळेत त्याला मित्र मिळाला होता, तोही पियानोवर जीव असलेला. पियानो मुका राहिल्यावर मात्र काई त्याच्यासाठी मोजपट्टी झाला. पुढे त्या स्पर्धेत काई मध्येच थांबतो, पुन्हा सुरू करतो, स्वतःच्या मनासारखं वाजवतो आणि निवडला जात नाही. पुढे जातो शुहेई. जिंकूनही त्याला कळतं की आपण हरलोय. मग वर्षं जातात, दोघं पोलंडमध्ये वॉर्सात, शोपांच्या नावाच्या पियानो स्पर्धेत भेटतात, तर इकडे काई जुना मित्र भेटला म्हणून खूश आणि शुहेईच्या मनात वैर. इतकी वर्षं तो रोज पियानोपाशी बसला, पण कानात वाजत होता तो काईचा पियानो. स्वतःचा त्याला ऐकूच आला नाही. शेवटच्या फेरीपर्यंतही तो पोचला नाही, ते मला त्यामुळेच पटलं.

आणि त्याचे वडील. त्यांच्याबद्दल आपण फारसं बोललो नव्हतो. तेही तरुणपणी आजिनोच्या सावलीत वाढलेले. आजिनो, म्हणजे अपघातात हाताला इजा झालेला तो जुना वादक, जो पुढे शाळेत संगीत शिकवतो आणि काईला घडवतो. बापाच्या मनातली ती जुनी बोच मुलात उतरली. ती त्यांनी जाणूनबुजून दिली असेल असं मला वाटत नाही. अशा गोष्टी घरात बोलण्याबोलण्यातून झिरपतात.

आपल्या घरात त्या कशा झिरपल्या ते मला आता नीट आठवतंय. गेल्या वर्षी तुझ्या ग्रेडचा निकाल लागला. तू नाचत फोन केलास आणि मार्क सांगितलेस. मी काय विचारलं? ‘वा!’ म्हटलं आणि लगेच, ‘आणि तिला किती?’ तू क्षणभर गप्प झालीस. तिला तुझ्यापेक्षा सहा जास्त होते. त्या दिवशी तू आनंदात फोन केला होतास आणि ठेवलास तो पडलेल्या आवाजात. तो प्रश्न मी एकदाच विचारला असं नाही, दर वेळी विचारला. तुला तिच्याकडे मैत्रीण म्हणून बघायचं होतं आणि मी तुझ्या हातात मोजपट्टी देत राहिलो. चूक माझी आहे. मला माफ कर.

दुसरी चूक त्याहून गोड होती, म्हणून अधिक वाईट. वॉल्ट्झ तिला मिळाला तेव्हा तू रडलीस, आणि तुझी समजूत घालताना मी पोगोरेलिच या पियानोवादकाची गोष्ट सांगितली. १९८०ची वॉर्साची शोपां स्पर्धा, परीक्षकांनी त्याला अंतिम फेरीआधीच बाद केलं, आणि नामवंत पियानोवादक मार्था आर्गेरिच रागाने परीक्षक मंडळातून बाहेर पडली. गोष्ट खरी आहे. पण मी ती कशासाठी सांगितली? ‘परीक्षकांना काय कळतंय’ हे तुझ्या मनात भरवण्यासाठी. आणि तिचा अर्धाच भाग सांगितला. त्या वर्षी पहिला आला तो व्हिएतनामचा डांग थाय सोन, आशियातून ती स्पर्धा जिंकणारा पहिला माणूस. युद्धाच्या काळात हनोई सोडून खेड्यात राहून शिकलेला. २०२१ची स्पर्धा जिंकलेला ब्रूस लिऊ त्याचाच शिष्य. म्हणजे एकावर अन्याय झाला म्हणून दुसरा लायक नव्हता असं काही नाही. बाईंनी वॉल्ट्झ तिला दिला, कारण तिचा उजवा हात आज तुझ्यापेक्षा हलका आहे. हे तुलाही ठाऊक आहे. मला ते तेव्हाच सांगायला हवं होतं.

या वॉल्ट्झबद्दल एक गोष्ट सांगतो, आजोबांच्या पेटीवरून सुचलेली. त्याच्या सुरुवातीला पाच फ्लॅट, म्हणजे सूर अर्ध्या पायरीने उतरवायच्या खुणा आहेत, डी फ्लॅट मेजर. म्हणजे आपल्या भाषेत काळी एक. सूर बराचसा काळ्या पट्ट्यांवरून फिरतो. तुम्हा मुलांना एवढे फ्लॅट बघून धडकी भरते, पण शोपां आपल्या शिष्यांना सुरुवातच काळ्या पट्ट्यांच्या स्केलपासून करायला लावायचा. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांची सी मेजर त्याला वाजवायला अवघड वाटे, कारण मधली लांब बोटं काळ्या उंच पट्ट्यांवर आपसूक बसतात, हात नैसर्गिक राहतो. आणि सगळी बोटं सारखी ताकदवान करण्याच्या खटपटीला तर त्याचा ठाम विरोध होता. त्याचं म्हणणं, प्रत्येक बोटाची घडण वेगळी, तसा त्याचा आवाजही वेगळा. तो मारायचा कशाला, राखायचा. आपल्याकडे ‘हाताची पाचही बोटं सारखी नसतात’ असं आपण उसासा टाकून म्हणतो. शोपांने त्याचंच संगीत केलं.

तुझं चौथं बोट जड आहे म्हणून तू चिडतेस. पण तू काल वाजवलंस त्या नॉक्टर्नमध्ये, रात्रीच्या शांततेसारख्या त्या संथ रचनेत, वरचा सूर जिथे लांबतो, तिथे त्याच बोटाने असा काही भरीव, थांबलेला आवाज काढलास की माझ्या मागच्या रांगेतल्या बाई कुजबुजायच्या थांबल्या. मी तुझा बाप म्हणून सांगत नाहीये. तो आवाज तिच्या हातात नाही. वॉल्ट्झची धाव तुझ्या हातात नाही. निदान आज नाही.

आता खऱ्या माणसांची एक गोष्ट. त्या मालिकेत आजिनोचा पियानो प्रत्यक्षात वाजवलाय क्योहेई सोरिता या तरुण वादकाने. काईला जो वॉल्ट्झ रानात वाजवता येत नाही आणि ज्यासाठी तो आजिनोकडे शिकवा म्हणून जातो, तो हाच आपला वॉल्ट्झ. मालिका आली २०१८-१९ मध्ये. करोनामुळे २०२०ची शोपां स्पर्धा वर्षभर पुढे गेली आणि २०२१च्या ऑक्टोबरमध्ये सोरिता स्वतः वॉर्सात उतरला. त्याच स्पर्धेत आइमी कोबायाशी होती, त्याची लहानपणापासूनची मैत्रीण. ती २०१५ सालीही अंतिम फेरीत पोचली होती. तीन आठवडे, फेरीमागून फेरी, सगळं फक्त शोपांचं संगीत, आणि शेवटी कॉन्चेर्तो, म्हणजे ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची मोठी रचना. दोघंही शेवटपर्यंत टिकली. त्याला विभागून दुसरा क्रमांक मिळाला, १९७०मध्ये मित्सुको उचिदाला मिळाला होता त्यानंतर जपानच्या वाट्याला आलेला पहिलाच दुसरा क्रमांक. तिला विभागून चौथा. पुढे दोघांनी लग्न केलं. त्यांच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते मला कुठून ठाऊक असणार? पण यूट्यूबवर दोघांच्याही फेऱ्या आहेत. आज दुपारी मी एकापाठोपाठ एक ऐकल्या. दहा मिनिटं मीही तुलना करत होतो, मग आपोआप सुटली. त्याचा पियानो समोर उभं राहून बोलतो. तिचा कधीकधी इतका हळू होतो की मी खिडकी लावून घेतली, बाहेर पाऊस होता.

तू तिच्याशी बोलत नाहीस हे मला आईकडून कळलं. म्हणजे ‘हाय-बाय’ चालू आहे, पण क्लासहून एकत्र येणं बंद. काल कार्यक्रमानंतर ती वडापावच्या गाडीपाशी एकटीच उभी होती, तिची आई स्कूटर काढेपर्यंत. डोळे लाल होते. मी तिच्याजवळ जाऊन ‘छान वाजवलंस’ एवढं म्हटलं. ती म्हणाली, ‘काका, ट्रिलनंतर चुकलं.’ आणि लगेच, ‘तिचं नॉक्टर्न किती मस्त झालं ना! चौथ्या बोटाचं तिला मी विचारणार होते, पण ती निघून गेली.’

मला पुढे काही बोलता आलं नाही, चिऊ. ती ऐकत होती. तू वाजवत होतीस तेव्हा ती ऐकत होती.

तुला हेवा वाटतो याचं मला काही वाटत नाही. वाटणारच. मलाही तुझ्या वयात वाटायचा. पेटीच्या क्लासात माझ्या शेजारी बसणारा मुलगा एकदा ऐकलेली तान लगेच उचलायचा. मी दहावीचा अभ्यास आहे असं घरी सांगून क्लास सोडला. आजोबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याचा गळा, त्याचा हात, त्याने पेटीवर वाजवलेला भूप मी तेव्हा धड ऐकलाच नाही, आणि आता ऐकायला तो कुठे आहे हेही मला माहीत नाही. आजोबांची पेटी माळ्यावर आहे. भाता फाटलाय, तो दुरुस्त करून घेतो.

बाईंनी आईला सांगितलंय की डिसेंबरच्या कार्यक्रमात त्यांना दोघींकडून एकाच पियानोवर चार हातांचं काहीतरी वाजवून घ्यायचंय. तुला विचारायला त्या घाबरतायत, म्हणून आईमार्फत विचारणा. मी काही सुचवत नाही. निर्णय तुझा. एवढंच सांगतो की तसं वाजवताना खालची बाजू घेणाऱ्याकडे बहुधा पेडल असतं, आणि दुसरीचा श्वास ऐकल्याशिवाय ते सोडता येत नाही.

मी पुढच्या शनिवारी येतोय, सकाळच्या गाडीने. आपल्या घरच्या कीबोर्डसमोर एकच स्टूल आहे. दुसरं लागणार असेल तर आधी कळव, येताना घेऊन येईन. उंची सारखी लागेल का, तेही बाईंना विचारून ठेव.

तुझा,
बाबा