गोळ्या तीन महिन्यांच्या, तोड सहा महिन्यांची

संपादक महोदय,

नमस्कार. दसरा-दिवाळी झाली की आमच्या बीड जिल्ह्यातले तांडे-वाड्या रिकाम्या व्हायला लागतात आणि माझा फोन सुरू होतो, "मॅडम, टोळी उद्या निघाली, गोळ्या भेटतील का?" मी सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची काउन्सेलर आहे, कंत्राटी. माणूस ऊसतोडीला सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात जातो ते पाच-सहा महिन्यांसाठी, आणि आमच्याकडून मिळतात तीन महिन्यांच्या गोळ्या. संपल्या तर उपचाराचं हिरवं बुक दाखवून तिकडच्या एआरटी सेंटरवर (एचआयव्हीची औषधं देणारं सरकारी केंद्र) घेता येतात हे खरंय, पण आगाऊ उचल घेतलेली, खाडा केला की पैसे कापणार, आणि टोळीच्या मुकादमाला सांगायचं काय? बायका तर गोळ्यांची बाटली वाजते म्हणून आत कापूस कोंबून पिठाच्या डब्यात ठेवतात, तोडीवरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, लपवायला दुसरी जागा कुठंय.

गेल्या हंगामात एकाचा फोन आला, मॅडम, या गोळ्यांनी लघवी लाल होते का हो? मी चमकले, कारण आमच्या गोळीनं तसं होत नाही. खोदून विचारलं तर कारखान्याजवळच्या एका खासगी दवाखान्यात खोकल्याला टीबीची औषधं चालू केलेली, आणि यानं भीतीपोटी एचआयव्हीचं सांगितलंच नव्हतं. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन आमच्या गोळीतलं डोल्युटेग्राविर रक्तात कमी करतं, म्हणून अशा पेशंटला डोल्युटेग्राविरचीच ५० मिलिग्रॅमची एक गोळी बारा तासांनी जादा द्यावी लागते. ती कोण देणार, दोन्हीकडच्यांना एकमेकांचा पत्ताच नाही. मग इकडं एआरटीच्या डॉक्टरांना विचार, तिकडच्या सरकारी टीबी सुपरवायझरचा नंबर शोध, पेशंटला समजावून सुट्टी घ्यायला लाव, सगळं दोन दिवसांत फोनवर. जमलं म्हणा. पण त्यानं लघवीचा रंग सांगितला नसता तर?

गरोदर बाईचंही तसंच. एएनसीत, म्हणजे गरोदरपणाच्या तपासणीत, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, आमच्याकडून ही, आणि तिघी सोबत रिकाम्या पोटी घेतल्या तर आमची नीट लागू पडत नाही, हे तिला सांगायचं कुणी, तिकडच्या सिस्टरनी की आम्ही? दोघांना वाटतं दुसऱ्यानं सांगितलं असेल.

गुप्ततेची अडचण आहे असं सगळे म्हणतात. २०१७ चा एचआयव्ही कायदा उपचार करणाऱ्या एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरला गरजेपुरती माहिती द्यायला आडकाठी करत नाही, आणि जिथं गुप्तता पाळायची तिथं मात्र मी केसपेपरवर लाल शाईत 'एचआयव्ही' असं मोठ्ठं लिहिलेलं पाहिलंय, सगळ्या वॉर्डला दिसेल असं. दवाखान्याचं नाव घेत नाही, तिथं उद्या मलाच जावं लागणार आहे.

टोळ्या कधी निघतात हे गावातल्या आशाताईंना माहीत असतं, मुकादमाला तर असतंच. त्याच्या आधी महिनाभर टीबी, एएनसी आणि एआरटीवाल्यांनी एकत्र बसून बाहेर जाणाऱ्यांची यादी करावी, तपासण्या उरकाव्यात, पूर्ण हंगामाच्या गोळ्या द्यायची परवानगी मिळावी. आणि सेंटरला एक साधा मोबाईल द्या हो. आज तोडीवरचे सगळे पेशंट माझ्या खासगी नंबरवर फोन करतात, माझं काँट्रॅक्ट संपलं की तो नंबर माझ्यासोबत घरी जाणार.

एक काउन्सेलर, बीड जिल्हा
(कृपया नाव छापू नये)